निहोंगाचं पहिलं चित्र: दगडाचे रंग आणि सरसाचं माप

निहोंगा, म्हणजे दळलेल्या दगडाच्या रंगांनी केलेली पारंपरिक जपानी चित्रकला, शिकू पाहणारे बहुतेक जण आधी रंगांच्या मागे लागतात. तोक्यो-क्योतोच्या रंगदुकानांतल्या बरण्यांच्या रांगा पाहिल्या की तसं होणारच. पण चित्र टिकणार की झडणार हे रंगावर ठरत नाही, ते ठरतं सरसावर. जपानी चित्रकार या सरसाला निकावा म्हणतात. दळलेला दगड कागदावर धरून ठेवायचं काम एकटा निकावा करतो. त्याचं माप हाताला बसलं की निम्मी कला हाती आली, आणि ते चुकलं तर महागातला महाग निळा रंगही वर्षभरात भुकटी होऊन फ्रेमच्या तळाशी जमतो. म्हणून हा लेख सरसाभोवती रचला आहे.

विषय म्हणून गोकर्णीचं फूल घेतलं आहे. त्याची पाकळी गडद निळी, गळ्याशी पांढरट-पिवळी आणि पानं हिरवी असतात. निहोंगातला निळा (गुंजो), हिरवा (रोकुशो) आणि शिंपल्याचा पांढरा (गोफुन) हे तिन्ही मुख्य रंग एकाच छोट्या चित्रात वापरून होतात.

आधी काय पाहावं

आजच्या चित्रकारांपैकी दोघांची कामं जरूर पाहा. सेन्जू हिरोशी (जन्म १९५८) धबधबे रंगवतात. १९९५ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कला प्रदर्शनात त्यांच्या धबधब्याच्या चित्राला सन्माननीय उल्लेख मिळाला. कोयासानच्या कोंगोबु-जी मठातल्या सरकत्या दारांवर आणि भिंतींवर त्यांची चित्रं आहेत. कागद उभा करून वरच्या कडेवरून ते पातळ रंग ओततात, रंग आपल्या वजनाने खाली उतरतो, आणि तुषारांसाठी ते फवारणी करतात. दुसरे माकोतो फुजिमुरा. १९६० साली बोस्टनला जन्मलेले हे चित्रकार तोक्योच्या कला विद्यापीठात कायामा माताझो यांच्याकडे शिकले. ते अमूर्त चित्रं काढतात. खनिज रंगांचे पातळ थर एकावर एक चढवत जातात आणि त्यांत सोन्याचा, प्लॅटिनमचा वर्ख वापरतात.

दोघांचं साहित्य खाली दिलं आहे तेच आहे. त्यांची चित्रं पाहून पहिल्याच दिवशी रंग ओतायचा मोह होतो, तो आवरा. ओतलेला रंग कागदावर धरतो कारण त्यातल्या सरसाचं माप त्यांच्या हातात मुरलेलं आहे. नवख्याने ओतलेल्या रंगात सरस पाण्याबरोबर खाली वाहून जातो. मग वरची पट्टी पुसली जाते आणि खालची तडकते.

साहित्य

खनिज रंगांना इवा-एनोगू म्हणतात. नैसर्गिक गुंजो म्हणजे अझुराइट, रोकुशो म्हणजे मॅलकाइट. दोन्ही तांब्याची खनिजं. ती दळून, पाण्यात निवळून कणांच्या आकारानुसार वेगळी करतात आणि त्यांना ५ ते १३ असे क्रमांक देतात. आकडा लहान तितका कण मोठा. १३ च्याही पुढची सगळ्यात बारीक भुकटी म्हणजे ब्याकु. दगड एकच असला तरी ५ क्रमांक गडद आणि रवाळ दिसतो, १३ फिका. कण बारीक झाला की त्याच्या असंख्य पृष्ठभागांवरून पांढरा उजेड जास्त विखुरतो, त्यामुळे रंग फिकटतो. याचा उपयोग असा की छटा हलकी करायला पांढरा मिसळायची गरज नाही, वरचा क्रमांक घ्यायचा. पांढरा मिसळलेला निळा दुधाळ होतो आणि खनिजाची चमक जाते.

रंग १५ ग्रॅमच्या मापाने मिळतात. चांगल्या नैसर्गिक गुंजोचे १५ ग्रॅम काही हजार येनना पडतात. पहिल्या चित्रासाठी शिन-इवा घ्या, म्हणजे धातूंच्या ऑक्साइडने रंगवलेली काच भाजून दळलेली असते तो रंग. क्रमांकांची पद्धत तीच, वागणूक जवळजवळ तशीच, किंमत बरीच कमी. आमचा आग्रह असा की दहा रंग एकेका क्रमांकात घेण्यापेक्षा दोन रंग तीन-तीन क्रमांकांत घ्या:

- निळा (गुंजो): ९, ११, १३, शिवाय त्याचा ब्याकु, ज्याला ब्याकुगुन म्हणतात
- हिरवा (रोकुशो): ९, ११, १३, शिवाय ब्याकुरोकु
- सुइही रंग: पिवळी माती (ओदो), गडद निळा आणि एक स्वच्छ पिवळा
- गोफुन: ५० ग्रॅम
- सुमी शाई: कांडी किंवा बाटली, कोणतीही
- निकावा: ५० ग्रॅम
- तुरटी: साधी, खड्याची, ५० ग्रॅम पुष्कळ झाली

सुइही म्हणजे माती किंवा गोफुनवर रंग चढवून केलेली अतिशय बारीक भुकटी. ती झाकणारी आणि स्वस्त असते, खालच्या थरांना उत्तम. गोफुन शिंपल्यांपासून करतात. जपानात कालवांचे शिंपले वर्षानुवर्षं उघड्यावर ऊन-पावसात ठेवतात आणि मग दळतात.

ब्रश चार लागतील: बारीक रेषेचा मेनसो, पोटात पाणी धरणारा साइशिकी, कोरडा-ओला रंग पसरवायचा कुमादोरी, आणि ५–६ सेंटीमीटर रुंद मऊ हाके. हाके मिळाला नाही तर बकरीच्या केसांचा रुंद चपटा ब्रश चालेल. कडक नायलॉनचा चालत नाही, तो खालचा थर खरवडतो. पांढऱ्या चिनीमातीच्या छोट्या बश्या निदान आठ घ्या, कारण प्रत्येक रंगाला स्वतंत्र बशी हवी. याशिवाय गुळगुळीत खल, पाव ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, ड्रॉपर आणि उकळत्या पाण्यात ठेवता येईल असं काचेचं किंवा मातीचं भांडं. यातलं काहीही पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

कागद म्हणून फुकुई प्रांतातल्या एचिझेनचा कुमोहादा-माशी सगळ्यात भरवशाचा. त्यात भांग आणि कोझो (जपानी तुती) यांचे लांब धागे असतात, म्हणून कितीही थर चढवले तरी तो फाटत नाही. पॅनेल एफ-४ मापाचं घ्या, ३३.३ × २४.२ सेंटीमीटर. हा खटाटोप नको असेल तर शिकिशी घ्या. पुठ्ठ्यावर चिकटवलेला तयार कागद असतो, २७.३ × २४.२ सेंटीमीटर. नुसत्या सरावाला जिलेटिनचं साइझिंग (पाणी अडवणारा लेप) असलेला ३०० ग्रॅमचा गुळगुळीत सुती वॉटरकलर पेपरही चालतो.

एक सूचना गंभीरपणे घ्या. अझुराइट आणि मॅलकाइटमध्ये तांबं असतं, शिन-इवाच्या काचेत शिसं असू शकतं, हिंगुळात पारा आणि हरताळात आर्सेनिक असतं. कोरडी भुकटी हाताळताना मास्क लावा, पंखा बंद ठेवा. ब्रशला टोक काढायला तो ओठांना लावायची सवय असेल तर ती इथे सोडावी लागेल. बोटाला जखम असेल तर हातमोजा घाला, कारण रंग बोटानेच घोटायचा आहे.

निकावा करणं

निकावा जनावरांच्या कातड्यापासून करतात. लांब कांड्यांचा असतो तो सांझेनबोन, तुकड्यांत मिळतो तो शिका. मापं १० टक्क्यांच्या द्रावणाची देत आहोत: १० ग्रॅम निकावा, १०० मिलिलिटर पाणी. कांडी साधारण १० ग्रॅमची असते, पण वजन करूनच घ्या.

कांडी कापडात गुंडाळून मोडा, नाहीतर तुकडे उडतात. थंड पाण्यात रात्रभर भिजवा, उन्हाळ्यात फ्रीजमध्येच. सकाळी तुकडे फुगून मऊ झालेले दिसतील. मधे टणक गाभा लागला तर आणखी भिजवा; अर्धवट भिजलेला निकावा तापवला की गुठळ्या राहतात आणि त्या पुढे जात नाहीत. मग भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ६० ते ७० अंशांवर हळूहळू ढवळत विरघळवा. उकळी येऊ देऊ नका. उकळल्यावर प्रथिनांच्या साखळ्या तुटतात आणि चिकटपणा जातो. दिसायला द्रावण तेच दिसतं, म्हणून फसगत होते. विरघळल्यावर मलमलीतून गाळा.

चांगल्या निकावाची खूण सोपी आहे. फ्रीजमध्ये गार झाल्यावर तो जेलीसारखा थरथरता गोठला पाहिजे. गोठला नाही तर तो जास्त तापला किंवा सडला, टाकून द्या. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो. मुंबई-कोकणच्या दमट उकाड्यात बाहेर ठेवलेला निकावा एका दिवसात बिघडू लागतो, म्हणून एका वेळी ५० मिलिलिटरच करा. वापरताना पुन्हा गरम पाण्यात ठेवून सैल करायचा. मायक्रोवेव्ह नको, त्यात कडा उकळतात.

बाटलीतला तयार पातळ निकावाही मिळतो, त्यात टिकवणारं द्रव्य असतं. पहिल्या चित्राला तो घ्यायला हरकत नाही. त्याची तीव्रता बाटलीगणिक वेगळी, तेव्हा खालची मापं त्याला तशीच लावू नका, चाचणीच्या पट्टीवर भरवसा ठेवा. ज्यांना प्राणिजन्य सरस नकोच असेल त्यांनी बाभळीच्या डिंकावर काम करावं, मात्र ते तंत्र वेगळं होतं: डिंकाचा थर पाणी लागताच पुन्हा विरघळतो, त्यामुळे रवाळ रंगाचे अनेक थर चढत नाहीत.

सरस ही आपल्याकडेही नवी गोष्ट नाही. अजिंठ्याची चित्रं ओल्या गिलाव्यावरची नाहीत. कोरड्या लेपावर बांधक मिसळलेल्या रंगांनी ती केली आहेत. १९१० च्या दशकाच्या उत्तरार्धात निहोंगाचे चित्रकार आराई काम्पो भारतात आले होते आणि त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या.

दोसा: कागदाला तुरटी-सरसाचा हात

कच्चा जपानी कागद टीपकागदासारखा रंग पितो. त्याला दोसा लावला की पाणी वर थांबतं. दुकानातून कागद घेताना दोसा लावलेला आहे का, हे विचारा. असेल तर हा भाग सोडून पुढे जा.

अर्धा लिटर दोशासाठी १० टक्क्यांचा निकावा १०० मिलिलिटर, कोमट पाणी ४०० मिलिलिटर आणि तुरटी २.५ ग्रॅम. म्हणजे कोरड्या निकावाच्या पाव वजनाइतकी तुरटी. तुरटी कुटून थोड्या गरम पाण्यात वेगळी विरघळवा. निकावा आचेवरून उतरवून कोमट झाल्यावर ती ढवळत ढवळत ओता, मग उरलेलं पाणी घाला. तुरटीचं प्रमाण वाढवायचा मोह होतो कारण कागद पटकन पाणी अडवू लागतो. पण जास्त तुरटी कागद आम्लधर्मी करते, काही वर्षांत तो कडकडीत आणि पिवळा होतो, आणि वाळल्यावर पृष्ठभागावर स्फटिक चमकतात ते वेगळंच.

कोरडा दिवस निवडा. पावसाळ्यात हे काम काढू नका. कागद हळू वाळला की दोसा खोल उतरतो आणि पृष्ठभाग उघडा राहतो. कागद जुन्या ब्लँकेटवर पसरा. हाके भिजवून निथळवा आणि डावीकडून उजवीकडे एकाच संथ ओढीत पट्टा मारा. पुढचा पट्टा आधीच्यावर अर्धा सेंटीमीटर चढलेला असावा. फेस आला तर ब्रश हळू चालवा. बुडबुडा जिथे फुटतो तिथे दोसा बसत नाही आणि नेमका तिथेच पुढे रंगाचा डाग उठतो. वाळल्यावर कागद उलटून मागून एक हात, मग पुन्हा पुढून एक. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. मिनिटभर तो फुगीर राहिला तर ठीक. कागद काळवंडून थेंब पसरला तर पुढून आणखी एक हात द्या.

कागद पॅनेलवर ताणणं

उघड्या लाकडातून पिवळट द्रव कागदात उतरतो. तो अडवायला पॅनेलवर आधी पातळ पांढऱ्या कागदाचा एक थर चिकटवा. चित्राचा कागद पॅनेलपेक्षा प्रत्येक बाजूला ३ सेंटीमीटर मोठा कापा. मागच्या बाजूला रुंद ब्रशने पाणी लावून पाच मिनिटं थांबा, म्हणजे कागद पुरता फुगेल. खळ फक्त पॅनेलच्या चार जाड कडांना लावायची, वरच्या पृष्ठभागाला अजिबात नाही. कागद मधून बाहेर हलक्या हाताने सारवत ताणा, समोरासमोरच्या बाजू आधी चिकटवा, कोपरे शेवटी दुमडा. ओला असताना थोड्या लाटा दिसल्या तरी हात लावू नका, वाळताना तो स्वतःहून ताठ होतो.

खळ गव्हाच्या सत्त्वाची किंवा मैद्याची, घरी शिजवलेली. आपल्याकडे पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. इथे ते नको. मोरचूद आम्लधर्मी असतं आणि पांढऱ्या कागदाला हिरवट डाग देतं.

रेखाटन आणि सुमीची रेषा

गोकर्णीची एक वेल तोडून पाण्यात ठेवा आणि पेन्सिलीने निरखून रेखाटा. फुलाच्या मोठ्या पाकळीची कड कशी वळते, पान किती पर्णिकांचं आहे, कळी देठाला कुठे बसते, हे आत्ताच टिपा. खनिज रंग चढल्यावर दुरुस्ती करता येत नाही, निदान स्वच्छ करता येत नाही. खोडरबर रेखाटनाच्या कागदावरच वापरा, चित्राच्या कागदावर घासला की दोसा उखडतो.

ट्रेसिंग पेपरवर चित्राच्या मापाची रेषा पक्की करा. दुसऱ्या पातळ कागदाला लाल मातीची भुकटी घासून, झटकून, तो मधे ठेवून बोथट टोकाने गिरवा. ऑफिसचा कार्बन पेपर नको, त्याचा मेणकट अंश रंग दूर ढकलतो. मग मेनसो ब्रशने सुमीची पातळ रेषा. पाकळ्यांसाठी फिकी शाई, देठासाठी थोडी गडद. शाई वाळू द्या.

रंग घोटणं

सगळ्यात जास्त वेळ आणि लक्ष इथे द्या.

इवा रंगाचा एक सपाट चहाचमचा बशीत घ्या. १० टक्क्यांचा कोमट निकावा सुमारे १ मिलिलिटर, म्हणजे वीसेक थेंब, घाला आणि मधल्या बोटाच्या पेराने गोल गोल घोटा. कोरडे कण निकावाला आधी नाकारतात, बोटाखाली भुकटीची बेटं लागतात. प्रत्येक कण ओला होऊन बोटाला एकसारखा चिखल लागेपर्यंत घोटत राहा. कमी पडला तर थेंबाथेंबाने वाढवा. त्यानंतरच पाणी घाला, तेही थोडं थोडं. पाणी आधी घातलं तर कणाभोवती पाण्याचा थर बसतो आणि सरस त्याला भिडतच नाही. असा रंग वाळल्यावर बोटाला लागतो.

९ क्रमांकाच्या जड कणांना थोडा दाट निकावा लागतो, कारण मोठा कण मोजक्या टेकूंवर उभा असतो. सुइहीच्या भुकटीत गुठळ्या असतात, ती आधी कोरडी खलात वाटून घ्या.

मग चाचणी. त्याच कागदाच्या कातरणावर पट्टी ओढा, पूर्ण वाळू द्या आणि कोरड्या बोटाने हलकं घासा. भुकटी बोटाला आली तर निकावा कमी. पट्टी काळपट, चकचकीत दिसली तर जास्त. मॅट राहून काही सुटलं नाही तर माप बरोबर. प्रत्येक बशीची ही पट्टी करा, रोज करा, कारण कालचा निकावा आज तितकाच जोरदार असेल असं नाही.

गोफुनची कृती

१० ग्रॅम गोफुन खलात पीठ होईपर्यंत वाटा. निकावा थेंबाथेंबाने घालत मळा, एकूण ४ ते ५ मिलिलिटर लागेल. गोळा कानाच्या पाळीइतका मऊ झाला की थांबा. भेगा पडत असतील तर कोरडा आहे, बोटाला चिकटत असेल तर सैल. मग तो बशीवर आपटा, उचला, पुन्हा आपटा. जपानी शिक्षक शंभर वेळा सांगतात आणि ते अक्षरशः घ्यावं. त्यामुळे आतली हवा निघते आणि निकावा सगळीकडे सारखा पोचतो. गोळा बशीत थापून त्यावर गरम पाणी घाला, काही मिनिटांनी ते पाणी ओतून द्या, आणि मग थेंबभर पाणी घेत बोटाने विरघळवा.

आपटणं टाळलेल्या गोफुनमध्ये वाळल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. जाड लावलेला तडकतो. ओला गोफुन अर्धपारदर्शक असतो, पांढरेपणा वाळल्यावर येतो. नवखे लोक नेमके इथे फसतात: ओला असताना पुरेसा पांढरा दिसत नाही म्हणून आणखी चढवतात आणि सकाळी पापुद्रा उठलेला असतो. पातळ लावा, वाळू द्या, मग ठरवा.

थर

पॅनेल आडवं ठेवा. उभ्या पॅनेलवर जड कण खाली घसरतात. प्रत्येक वेळी ब्रश बुडवताना बशीचा तळ ढवळा, नाहीतर वर तरंगणारा बारीक अंशच कागदावर जाईल आणि तळाशी दगड उरेल.

पूर्ण चित्रासाठी एक नियम आहे, तो मोडू नका: खालच्या थरात निकावा थोडा जास्त, वरच्यात कमी. सरस वाळताना आकसतो. वरचा थर जोरदार आणि खालचा कमजोर असेल तर वरचा आकसताना खालच्याला कागदावरून ओढून काढतो. निहोंगातले बहुतेक तडे इथून येतात.

आधी पार्श्वभूमी. गोफुनमध्ये थोडी ओदो मिसळून पातळ करा आणि हाकेने तीन-चार हात द्या, एक आडवा तर पुढचा उभा. एकाच जागी ब्रश मागे-पुढे करू नका. दुसऱ्या फेरीला खालचा थर भिजून सुटतो. फुलाच्या जागेवरून हात गेला तरी चालेल, सुमीची रेषा खालून दिसत राहते.

पाकळीवर सुइहीचा गडद निळा पातळ लावा. खनिज कणांमध्ये फटी राहतात आणि त्यांतून खालचा रंग दिसतो, म्हणून हा तळ महत्त्वाचा. तळ निळा ठेवला तर पाकळी खोल दिसते. ओदोवर गुंजो चढवला तर ती किंचित उबदार, हिरवटाकडे झुकते. मग १३ क्रमांकाचे दोन हात, त्यावर ११, आणि गळ्याभोवती जिथे निळा सगळ्यात दाट असतो तिथेच ९. कडा ब्याकुगुनने उजळा. गळ्यात गोफुनमध्ये कणभर पिवळा. पानांना तळ ओदोचा, वर रोकुशो त्याच क्रमाने, शिरा ब्याकुरोकुने मेनसोच्या टोकावर.

वेगवेगळ्या क्रमांकांचे रंग एका बशीत मिसळू नका, मोठे कण आधी बसतात आणि मिश्रण फाटतं. निळा-हिरवा मिसळायचाच तर एकाच क्रमांकाचे घ्या, आणि तरीही ढवळत राहा.

दोन थरांमध्ये पूर्ण वाळणं आवश्यक आहे. बोटाची मागची बाजू हलकेच टेकवा. गार लागलं तर आत ओल आहे. गरम हवेचा ड्रायर वापरू नका, वरचा पापुद्रा आधी आकसतो. ओला रंग गडद दिसतो आणि वाळून फिका होतो, तेव्हा छटेचा निर्णय वाळल्यावरच. पुणे-नाशिकच्या हिवाळी सकाळी बशीतला निकावा गोठू लागतो आणि रंग ब्रशला दोऱ्यासारखा येतो. बशी कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवली की सैल होतो.

सोन्याचा वर्ख दुसऱ्या चित्रासाठी ठेवा. कानाझावाचा १०.९ सेंटीमीटरचा चौकोनी वर्ख पंख्याच्या झुळकीनेही दुमडतो, आणि तो बसवायला निकावाची जी पातळ तीव्रता लागते ती हाताला कळायला एक चित्र तरी जावं लागतं. चांदीचा वर्ख घेतला तर तो हवेतल्या गंधकाने काळवंडेल हे धरून चाला.

बिघडलं तर

रंग हाताला लागतोय: निकावा कमी पडला आहे. १० टक्क्यांच्या निकावाचा एक भाग आणि कोमट पाण्याचे तीन भाग करून मऊ ब्रशने एकदाच, न घासता फिरवा. दोन पातळ हात एका दाट हातापेक्षा बरे.

नवा हात मारताना खालचा रंग सुटून येतो: एकतर खालचा ओला आहे किंवा ब्रश कडक आहे. वाळल्यावर पातळ दोशाचा एकच हात दिला तर थर थांबतो. पण ही सवय करू नका, प्रत्येक वेळी तुरटी आत जाते.

रंग थेंबाथेंबाने आकसून कागदावर धरत नाही: दोसा जास्त झाला आहे किंवा बोटांचं तेल लागलं आहे. रंगात निकावाचा एखादा थेंब वाढवा आणि पहिला थर सुइहीचा द्या.

पापुद्रे उठलेत: त्यावर काही लावून उपयोग नाही. सुटलेला भाग कोमट पाण्याने भिजवून ब्रशने काढा, वाळवा आणि योग्य मापाने पुन्हा सुरू करा.

कुबट वास येतोय: सडलेल्या निकावाचा आहे. तो रंग चित्रावर जाऊ देऊ नका.

आवरताना

बशीत उरलेला रंग कधीही मोरीत ओतू नका, पैसा जातो आणि धातू पाण्यात जातात. बशीत गरम पाणी घाला, बोटाने ढवळा, कण तळाशी बसले की वरचं गढूळ पाणी वेगळ्या डब्यात काढा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीनदा करा. निकावा निघून गेलेला रंग बशीतच वाळवून, क्रमांक लिहून पुडीत ठेवा. पुढच्या वेळी नव्या निकावाने घोटला की तो पुन्हा नवा. निकावासकट वाळलेला रंग नुसतं पाणी घालून दुसऱ्या दिवशी वापरतात, त्यात माप कळत नाही. डब्यातला गाळ पाणी उडवून वाळवा आणि पालिकेच्या घातक कचऱ्यात द्या.

ब्रश कोमट पाण्याने धुवा, मुळाशी अडकलेला निकावा बोटाने पिळून काढा आणि आडवे वाळवा.

चित्र काचेमागे लावताना काच रंगाला टेकू देऊ नका. कडेने ५ मिलिमीटरची पट्टी घाला. पावसाळ्यात निकावा बुरशीचं खाद्य होतो. बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र टांगू नका, फ्रेमच्या मागे हवा खेळायला जागा ठेवा, आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तिरप्या उजेडात पृष्ठभाग तपासा. पांढरट केसाळ ठिपका दिसला तर पुसू नका, पुसलं की बुरशी रंगात घुसते. चित्र कोरड्या खोलीत आडवं ठेवा, ठिपका पूर्ण वाळू द्या आणि मग अगदी मऊ कोरड्या ब्रशने उचला.